निरंक

प्राणिगणनेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्मवर एक सांबर खोटं लिहिलं.

अगदीच हवेतलं नव्हतं ते. दोन किलोमीटरची लाईन चालून संपत आली होती. उजव्या हाताच्या उतारावर सागाच्या वाळक्या पानांत काहीतरी धाडधाड पळालं, एक काटकी मोडली आणि पुन्हा सगळं चिडीचूप झालं. आधीचे दोन्ही दिवस माझा फॉर्म कोरा गेला होता. बाकीच्या जोड्या संध्याकाळी शेकोटीपाशी बसून गवा दिसला, भेकर दिसलं असं सांगत होत्या आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. एवढा मोठा आवाज म्हणजे सांबरच, असं मी मनाशी ठरवलं आणि गुडघ्यावर पॅड टेकवून पेन्सिलीनं लिहून टाकलं : सांबर, १, अंतर ४० मीटर.

आमच्यासोबतचे कोरकू काका माझ्या खांद्यामागे उभे होते.

"तुले दिसलं काय?"

"आवाज आला ना काका. केवढा मोठा."

"आवाज त मलेबी आला. दिसलं काय?"

"नाही."

"मंग कायले लिवतं?"

रागावून नव्हते बोलले ते. उत्तराची वाटही न पाहता खांद्यावरचं घोंगडं सारखं करून पुढे चालू लागले. मी लिहिलेलं खोडलं नाही. फॉर्मची घडी घालून पिशवीत ठेवली आणि उरलेला रस्ता मान खाली घालून चालले.

मी लातूरची. आमच्याकडं जंगल म्हणण्यासारखं जवळपास काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं तेव्हा मी आठवीत होते. त्या उन्हाळ्यात घागरी मोजत दिवस गेले. पाणी कुठून येतं, का आटतं, झाड आणि पाऊस आणि माती यांचा एकमेकांशी काय व्यवहार असतो, हे प्रश्न मला तेव्हापासूनचे. पण त्याला इकॉलॉजी म्हणतात आणि ते शिकता येतं हे मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. प्राणिशास्त्र म्हणजे बरण्यांतले फॉर्मलिनमधले नमुने आणि त्यांच्या आकृत्या, एवढीच ओळख होती.

शेवटच्या वर्षात आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की त्यांच्या ओळखीची एक संशोधक ताई मेळघाटाला लागून असलेल्या जंगलात तृणभक्षी प्राण्यांच्या घनतेवर काम करते आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये तिला बारा दिवसांसाठी दहा विद्यार्थी हवे आहेत. पैसे मिळणार नाहीत, राहणं-जेवणं शिबिरात, प्रवास आपला आपण. मी त्याच तासाला नाव दिलं. का, तर वाघ दिसेल म्हणून. हे लपवण्यात अर्थ नाही. दहापैकी नऊजण त्यासाठीच आले होते.

घरी आईनं ऐकल्या ऐकल्या ताट बाजूला सारलं. "वाघाच्या रानात कशाला जायलीस? इथं काय कमी पडायलंय तुला?" तिची भीती उगाच नव्हती. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोबात पायी सर्वेक्षण करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. वर्षभरापूर्वीची ती बातमी आईच्या पक्की लक्षात होती. मी ताईला फोन लावून आईच्या हातात दिला. ताईनं तिला काही गोड बोलून पटवलं नाही. एकटं कुणालाही सोडत नाही, प्रत्येक जोडीबरोबर तिथलाच माणूस असतो, उजाडल्याशिवाय निघत नाही, वाघ समोर आला तर काम तिथंच थांबवून मागं फिरायचं, हे सगळं तिनं क्रमानं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "धोका नाही असं मी म्हणणार नाही, काकू." त्या वाक्यानंतर आई थोडी सैल झाली असं मला वाटतं. खरं बोलणाऱ्या माणसावर ती लवकर विश्वास ठेवते.

बाबा मार्केट यार्डात अडत दुकानावर मुनीम आहेत. त्यांनी फक्त एक जाड पुठ्ठ्याची वही दिली आणि म्हणाले, रोजच्या रोज लिही, दुसऱ्या दिवसावर ठेवू नको.

दोन एसट्या बदलून अमरावती, तिथून परतवाडा, आणि परतवाड्यावरून घाट चढणारी गाडी. मेळघाट १९७३-७४ सालच्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, एवढं मी वाचून गेले होते. पण डोंगरामागं डोंगर, त्यांच्यामधून खोल उतरलेल्या सिपना-गाडगासारख्या नद्या आणि जानेवारीत पानगळीला लागलेला मैलोगणती साग यासाठी माझ्याकडे आधीचं कुठलंच चित्र नव्हतं. वनचौकीच्या आवारात आमचे तंबू होते. पहाटे पाण्याच्या बादलीला हात लावला की बोटं बधिर व्हायची.

मोजणी सुरू होण्याआधीचा दीड दिवस नुसतं शिकण्यात गेला. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. लाईन म्हणजे जंगलातून आखलेली सरळ रेघ, आमची दोन किलोमीटरची. झाडांवर रंगाच्या खुणा करून ठेवलेल्या. रस्त्यानं किंवा पायवाटेनं चालायचं नाही, कारण जनावरं रस्त्याच्या हिशोबानं वावरतात, काही त्याला टाळतात, काही त्याच्याच कडेनं चरतात, आणि मग तुमची मोजणी जंगलाची न राहता रस्त्याची होते. रेघ चढाला आली तर चढायचं, नाल्यात उतरली तर उतरायचं. सूर्य वर आला की लगेच निघायचं, कारण चरणारी जनावरं त्या वेळी उठलेली, फिरती असतात. बोलायचं नाही, फोन बंद, कपडे मातकट.

प्राणी दिसला की तीन गोष्टी टिपायच्या : कोणता आणि कळपात किती, आपल्यापासून किती अंतरावर, आणि कोणत्या दिशेला. अंतर रेंजफाइंडरनं, दिशा होकायंत्रानं. समजा लाईनची दिशा २८० अंश आहे आणि सांबर ३१० अंशांवर, ५२ मीटरवर दिसलं. दोन दिशांतला फरक ३०. तीस अंशांचा साइन अर्धा, म्हणून ते सांबर लाईनपासून सरळ आडवं मोजलं तर २६ मीटरवर होतं. दहावीत घोकलेली त्रिकोणमिती अशी एका सागाखाली उभं राहून वापरताना मला खरोखर भरून आलं. ही आडवी अंतरं पुरेशी जमली की त्यांवरून कळतं की लाईनजवळचे प्राणी किती दिसतात आणि लांब जावं तसे किती निसटतात. न दिसलेल्यांचा अंदाज दिसलेल्यांच्या अंतरांवरून काढायचा, अशी ती सगळी रचना आहे. म्हणून अंतर अंदाजे लिहायचं नाही, ४७ला ५० करायचं नाही, आणि प्राणी पहिल्यांदा जिथं दिसला तिथलंच मोजायचं. आपल्याला पाहून तो पळत जिथं थांबला, तिथलं नाही.

रेघ संपल्यावर त्याच रेघेवरून परत येताना दुसरं काम. दर ४०० मीटरवर थांबून लाईनला काटकोनात २० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा धरायचा आणि त्यातल्या लेंड्या मोजायच्या. माझी जोडीदार सोलापूरची होती. पहिल्या दिवशी आम्ही दोघी काठीच्या टोकानं पानं बाजूला करत होतो. काकांनी काठ्या काढून घेतल्या आणि आम्हाला खाली बसवलं. त्यांनी एक लेंडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. करवंदाएवढी, काळसर, एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला खळगा. सांबर. मग नखानं ती फोडून दाखवली. आत पिवळसर गवताचे तंतू होते, वास वाळल्या गवताचा, घाण अजिबात नाही. चौसिंग्याच्या त्याहून बारीक आणि एकाच जागी साठलेल्या, कारण तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. सशाच्या गोल, चपटलेल्या, हलक्या. अस्वलाच्या विष्ठेत बोराच्या बिया. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत आम्ही हातानंच पानं उचलायला लागलो होतो. काका वाघाला कुला म्हणायचे, आणि म्हणताना आवाज किंचित खाली आणायचे, घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसा. आमच्या कंपूतल्या एका मुलानं त्यांना विचारलं होतं, किती वेळा पाहिला? ते म्हणाले, त्यानं मला किती वेळा पाहिलं ते विचार.

तर, त्या तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

ताई कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचे फॉर्म एकेक करून तपासायची. माझा फॉर्म हातात घेतला तेव्हा तिचं बोट दिशेच्या रकान्यावर थांबलं. तो रिकामा होता. न दिसलेल्या जनावराची दिशा मी काय लिहिणार? तिनं काही विचारायच्या आत मीच सांगितलं, ताई, ते दिसलं नव्हतं. माझा आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं.

मी खिशातून खोडरबर काढायला लागले. तिनं हात धरला. "खोडायचं नाही. कधीच नाही." त्या ओळीवर तिनं एकच सरळ रेघ मारली, खालचं लिहिलेलं वाचता येईल अशी. शेजारी मला सही करायला लावली, तारीख घालायला लावली. आणि शेऱ्याच्या रकान्यात मलाच लिहायला सांगितलं : उजव्या उतारावर मोठ्या प्राण्याचा आवाज, दिसला नाही. मग वर एकूण संख्येच्या जागी काय लिहू म्हणून मी थांबले तेव्हा चुलीपाशी बसलेल्या वनरक्षक मॅडम म्हणाल्या, "निरंक लिही ना. आम्ही नाही का लिहीत रोज?"

निरंक. हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले होते. ज्या दिवशी पावसामुळं नाहीतर बंदमुळं यार्डात गाडी येत नाही, त्या दिवशीही बाबा वहीत तारीख घालतात आणि पुढं लिहितात : तूर, आवक निरंक. सोयाबीन, आवक निरंक. लहानपणी मी विचारलं होतं, काही आलंच नाही तर लिहायचं कशाला? ते म्हणाले होते, पान कोरं राहिलं तर उद्या कुणी म्हणेल मुनीम आलाच नव्हता.

ताईनं त्या रात्री आम्हाला जे सांगितलं ते मला पाठ्यपुस्तकात नंतर सापडलं, पण इतकं सोपं करून नाही. ती म्हणाली, समजा आपण एक लाईन दहा वेळा चाललो, म्हणजे २० किलोमीटर. चार फेऱ्यांत एकेकदा सांबर दिसलं, सहा फेऱ्या रिकाम्या गेल्या. २० किलोमीटरला ४ म्हणजे किलोमीटरमागे ०.२. आता रिकाम्या फेऱ्यांचे फॉर्म कुणी कंटाळून भरलेच नाहीत तर उरतात ८ किलोमीटर आणि ४ सांबरं. किलोमीटरमागे ०.५. जंगलात एकही सांबर वाढलेलं नाही आणि कागदावर ती अडीचपट झाली. तेवढ्या भक्ष्यावर किती वाघ जगतील याचा हिशोब त्याच कागदावरून होणार, त्यावरून कुंपणं, पाणवठे, निधी, गावांचं पुनर्वसन यांचे निर्णय होणार. "तुझं एक सांबर," ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही.

मग तिनं सरिस्काची गोष्ट काढली. राजस्थानातलं सरिस्का अभयारण्य. पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे मोजून वाघांची गणना करायची जुनी पद्धत होती तेव्हा तिथल्या कागदांवर वाघ होते, वर्षानुवर्षं होते. २००५ मध्ये नीट शोध घेतला तेव्हा कळलं की तिथं एकही वाघ उरलेला नाही, शिकाऱ्यांनी सगळे संपवले. त्या धक्क्यानंतरच देशाची गणनेची पद्धत बदलली. २००१-०२ च्या जुन्या गणनेत ३,६४२ वाघ सांगितले जात होते. कॅमेरा ट्रॅप आणि नव्या पद्धतीनं २००६ मध्ये जो पहिला अंदाज काढला, तो १,४११ निघाला. शेकोटीभोवती कुणीच बोललं नाही. मला एकच दिसत होतं. वाघ संपत असताना कुठल्यातरी बीटमध्ये, म्हणजे कुठल्यातरी वनरक्षकाच्या हद्दीत, कुठल्यातरी सकाळी, पहिल्यांदा निरंक लिहायला हवं होतं आणि ते लिहिलं गेलं नाही.

या बारा दिवसांत मला वाघ दिसला नाही. नाल्याच्या वाळूत एकदा पंजाचा ठसा दिसला, दव त्याच्यावर पडलेलं नव्हतं, म्हणजे आमच्या थोडाच आधी तो तिथून गेला असणार. काकांनी हातानं थांबवलं, आम्ही दहा मिनिटं जागच्या जागी उभ्या राहिलो, मग त्या दिवसाची लाईन सोडून परत फिरलो. फॉर्मवर लिहिलं : लाईन अपूर्ण, १.२ किलोमीटर चाललो. तेही लिहावं लागतं. किती चाललो हे खरं नसेल तर काय दिसलं हे खरं असून उपयोग नाही.

मात्र सातव्या दिवशी एक दिसलं आणि ते मला वाघापेक्षा कमी वाटत नाही. लेंड्यांचे पट्टे उरकून परतताना, चांगलं ऊन आलेलं असताना, निष्पर्ण सालईच्या उघड्या फांदीवर एक घुबड बसलं होतं. आधी वाटलं साधा पिंगळा. पण डोकं शरीराच्या मानानं मोठं, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, आणि शेपटी डावी-उजवी झटकत बसलेलं. वनरक्षक मॅडम कुजबुजल्या, रानपिंगळा.

रानपिंगळ्याची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने. मोठमोठे पक्षितज्ज्ञ शोधून थकले. त्या सातांतल्या एका नमुन्यावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकानं लावलेली चिठ्ठी होती की तो १९१४ साली गुजरातमध्ये मांडवीला मिळाला. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या शिवणीचे टाके, आतला भरलेला कापूस, सगळं तपासून दाखवून दिलं की तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यानं १८८०च्या दशकात गोळा केलेला, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी चिकटवलेला आहे. ती खोटी चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांवरच्या गावांची यादी धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ, तो पक्षी जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही तो बऱ्यापैकी आहे हे समजलं.

मी तो पक्षी बघत होते आणि माझ्या मनात त्या चिठ्ठीचा विचार होता. एका माणसानं एका पक्ष्याच्या पायाला बांधलेलं खोटं गाव. माझं सांबरही त्याच जातीचं होतं. मी हे जड करून सांगत नाही. त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं.

त्या दिवशी आमची लाईन निरंक होती. रानपिंगळा तृणभक्षी नाही, आणि लाईन संपल्यावर दिसला. मी वर निरंक लिहिलं, शेऱ्यात रानपिंगळा लिहिला, वेळ लिहिली, झाड लिहिलं. पहिल्यांदाच तो शब्द लिहिताना हात आखडला नाही.

परत आल्यावर मला बरेच जण विचारतात, तुला हे कसं मिळालं, आम्हाला जायचं असेल तर काय करायचं. म्हणून माझं मत सांगते. विद्यार्थ्यांच्या मोहिमा म्हणून हल्ली बरंच काही विकलं जातं. मोठी फी, जीपमधून फेऱ्या, शेवटी प्रमाणपत्र. जिथं तुम्हाला रोज संध्याकाळी भरलेला फॉर्म कुणी तपासून विचारत नाही की हे कुठून आलं, ती सहल आहे. सहल म्हणून जरूर जा. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणंही मी केलं आहे, ती रात्र विसरता येत नाही, पण तिला गणना समजू नका. खऱ्या कामाला परवानगी लागते. संरक्षित जंगलात संशोधनासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाचं परवानगीपत्र असावं लागतं. कुणी नेत असेल तर ते दाखवा म्हणायला लाजू नका. आमच्या ताईनं पहिल्याच दिवशी ते चौकीच्या भिंतीला लावलं होतं.

आणि प्राणी हातात धरून फोटो काढू देणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्या ओळखीच्या एका गटाबरोबर माझी मैत्रीण गेली होती. तिथं पकडलेला साप हातोहात फिरवत होते. तिला ते अजून खुपतं, आणि ती त्यात होती हे तर जास्तच.

शिकायचं असेल तर संख्याशास्त्राला घाबरू नका. मी घाबरत होते आणि त्यामुळं माझं एक वर्ष गेलं. दुर्बीण लगेच विकत घ्यायची गरज नाही, आमच्या दहाजणांत चार होत्या. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून हे काम करते आहे, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधता शिकता येते. पण यांच्या दारात उभं राहिल्यावर विचारतात ते हेच : तू स्वतः काय पाहिलंस, किती दिवस, आणि वही कुठाय.

माझी वही गायरानात सुरू झाली. मेळघाटाहून आल्यावर महिनाभर मला लातूरचं सगळं रूक्ष वाटत होतं. परीक्षा झाल्यावर मी वर्षभर घरीच होते, प्रवेश परीक्षांचा अभ्यास करत. तेव्हा ताईला फोन करून म्हटलं, इथं काहीच नाही हो. ती म्हणाली, काहीच नाही हे कशावरून? मोजलंस?

मामाच्या गावाबाहेर गायरान आहे. कुसळी गवत, बाभळी, मधे एक बुजत आलेला पाझर तलाव. मी एक किलोमीटरची रेघ ठरवली आणि दर रविवारी सकाळी चालायला लागले. टिटवी आणि माळटिटवी या दोन निराळ्या आहेत हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. चंडोल, डोंबारी, तित्तिर, विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख. त्या सगळ्यांत मी जीव लावला तो भोरड्यांना. ज्वारीच्या दिवसांत आमच्याकडं भोरड्यांचे थवे येतात ते कुणाला नवं नाही, गोफण घेऊन त्यांना हाकलतच आमच्या दोन पिढ्या गेल्या. मध्य आशियात त्यांची घरटी असतात. तिकडून त्या येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. पण आमच्या गायरानातून नेमक्या कोणत्या आठवड्यात जातात, हे गावात कुणी सांगू शकलं नाही. मामा म्हणाला, होळीला असतात. मामी म्हणाली, अक्षयतृतीयेला नसतात.

मी लिहीत गेले. शेकड्यांनी, मग चाळीस, मग सात. एप्रिलच्या एका रविवारी पहिल्यांदा लिहिलं : भोरड्या, निरंक. पुढच्या रविवारी निरंक. मे, जून, जुलै, सगळे रविवार निरंक. ऊन डोक्यावर घेत, नसलेल्या पक्ष्यांसाठी किलोमीटरभर चालायचं आणि परत येऊन तो एक शब्द लिहायचा. मामी म्हणायची, काय भरायलीस एवढं वहीत? पण त्या कोऱ्या रविवारांमुळंच ऑगस्टच्या शेवटी बाभळीवर गुलाबी-काळ्या अकरा भोरड्या दिसल्या तेव्हा मला ठामपणे म्हणता आलं की मागच्या रविवारी या इथं नव्हत्या. मी ती नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली. तिथंही यादी टाकताना विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? ते विचारतात, कारण यादीत जे नाही ते तिथं दिसलं नाही, असं मग धरता येतं.

बाबांना वही दाखवली. चष्मा वर करून त्यांनी पानं चाळली, निरंकांची रांग बघितली आणि तारखा सलग आहेत का तेवढं तपासलं. एक रविवार गाळलेला त्यांनी बरोबर पकडला. मी तापानं पडले होते. "मग तसं लिही," ते म्हणाले. मी लिहिलं : आजारी, गेले नाही.

आता मी एम.एस्सी.साठी बाहेर असते. गायरानाची रेघ माझा मामेभाऊ चालतो, नववीत आहे. दर रविवारी तो पानाचा फोटो काढून पाठवतो. अक्षर वाईट, पण रकाने सगळे भरलेले. गेल्या आठवड्यात फोटोखाली त्याचा प्रश्न होता : "ताई, तलावाच्या पलीकडून आवाज आला, भोरड्याच होत्या शंभर टक्के. पण दिसल्या नाहीत. काय लिहू?"

मी लगेच फोन लावला. म्हटलं, दिसल्याच्या रकान्यात निरंक लिही. ऐकल्याचा वेगळा रकाना आखून घे, पट्टीनं. आणि खोडरबर घरी ठेवत जा.